फी भरण्याआधी पंधरा दिवस वॉर्डात

प्रति,
मा. अध्यक्ष,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली



नीटचा निकाल जूनमध्ये लागतो आणि एमबीबीएसचे वर्ग भरायला त्यानंतर दोन महिने तरी जातात. त्या मधल्या काळातले पंधरा दिवस मी आपल्याकडे मागते आहे. प्रवेशाच्या यादीत नाव आलेल्या प्रत्येक मुलामुलीने ते एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात काढावेत. फी भरण्याआधी आणि मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा करण्याआधी.

मी लातूर जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. नवीन वर्ग आला की विचारते, डॉक्टर का व्हायचंय? उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. दहावीला पंच्याण्णव टक्के पडले म्हणून. पप्पांची इच्छा आहे. काकांचं हॉस्पिटल आहे, पुढे कुणीतरी चालवायला हवं. गणित जमत नाही, हे उत्तर दबक्या आवाजात येतं, पण सगळ्यांत जास्त वेळा येतं. एखादी मुलगी म्हणते, आमच्या गावात रात्री कुणी आजारी पडलं तर गाडी करून तालुक्याला न्यावं लागतं.

यातल्या कुठल्याच उत्तराला मी नावं ठेवत नाही. सोयाबीनच्या भावावर ज्या घराचं वर्ष ठरतं, त्या घरातल्या पोराला खात्रीच्या कमाईची आणि चारचौघांत मानाची ओढ वाटली तर त्यात कमीपणा कसला? पैशासाठी या वाटेला आलेले कितीतरी जण पुढे उत्तम डॉक्टर झाले आहेत. माझी काळजी वेगळी आहे. हेतू कोणताही असो, ज्या कामासाठी पोर आयुष्य द्यायला निघालं आहे ते काम त्याने पाहिलेलंच नसतं.

लातूरच्या ट्यूशन एरियात सोळा-सतरा वर्षांची मुलं दोन-दोन, तीन-तीन वर्षं राहतात. होस्टेल, मेस, क्लास, टेस्ट सिरीज आणि रविवारी आईवडिलांचा फोन. एखादा गुण कमी पडला की पुन्हा रिपीटर बॅच. नेफ्रॉनची आकृती डोळे मिटून काढणाऱ्या मुलीने लघवीची पिशवी रिकामी करणारी मावशी कधी पाहिलेली नसते. तिच्या डोळ्यांसमोरचा डॉक्टर म्हणजे केबिन, टेबल, स्टेथोस्कोप आणि बाहेर नंबर लावून बसलेली माणसं. केसपेपरच्या खिडकीपासून ड्रेसिंगच्या खोलीपर्यंतचं बाकी रुग्णालय त्या चित्रात नसतं.

आपली परीक्षा तिला १८० प्रश्न विचारते, त्यातले ९० माझ्या विषयाचे. ७२० गुणांपैकी किती मिळाले त्यावर सगळं ठरतं. त्या प्रश्नांत तिच्याबद्दलचा एकही नसतो. नीटला बसायचं किमान वय १७. आनंदीबाई जोशी अठराव्या वर्षात असताना, १८८३ साली, अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या सेरामपूरला भर सभेत उभ्या राहिल्या आणि आपण वैद्यक शिकायला का जातो आहोत ते त्यांनी कारणांसह सांगितलं. पोटचं मूल दहा दिवसांत गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून अंगावर दुखणं काढणाऱ्या बायका त्यांच्या अवतीभोवती होत्या. आजच्या मुलांवर, सुदैवाने, तसे प्रसंग सहसा येत नाहीत. म्हणून तर आजारपण जवळून पाहण्याची संधी आपण त्यांना मुद्दाम द्यायला हवी.

आपल्याकडे याचा विचार झालाच नव्हता असं नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, नीट येईपर्यंत, स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तीत गांधीविचारांवर वेगळी प्रश्नपत्रिका असे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात लेखी परीक्षेनंतर उमेदवारांना बोलावून घेत, गटात कामं देत, मुलाखती घेत. नीटसाठी ती पद्धत सोडायची नाही म्हणून त्या कॉलेजाने २०१७ मध्ये एमबीबीएसच्या शंभर जागांपैकी फक्त एक जागा भरली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीट सर्वांना लागू असल्याचा निकाल दिला आणि तो विषय मिटला.

तरीही मुलाखती परत आणा असं मी म्हणणार नाही. गुणांच्या आड चालणारा देणग्यांचा बाजार महाराष्ट्राने पुरेसा पाहिला आहे. शिवाय पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत ‘मला समाजसेवा करायची आहे’ हे सफाईने कोण बोलेल? शहरातलं, तयारी करून घेतलेलं पोर. औशाच्या किंवा अहमदपूरच्या खेड्यातली, परक्या माणसासमोर मान खाली घालणारी माझी विद्यार्थिनी तिथे मागे पडेल. मला मुलांची निवड करणारा आणखी एक परीक्षक नको आहे. निवड मुलांनी स्वतः करावी, डोळे उघडे ठेवून, एवढंच मागणं आहे.

माझी एक विद्यार्थिनी तिसऱ्या वर्षाला असताना दिवाळीत भेटायला आली. पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये तिला काहीच वाटलं नव्हतं, ॲनाटॉमीत तर ती वर्गात पहिली होती. बोलता बोलता म्हणाली, ‘‘मॅडम, अभ्यास जमतो. माणसं जमत नाहीत.’’ ओपीडीत गुडघेदुखीची म्हातारी सुनेपासून सुरुवात करून गुडघ्यापर्यंत यायला दहा मिनिटं घेते आणि त्या दहा मिनिटांत आपला जीव गुदमरतो, असं ती सांगत होती. बोलताना ती बांगडी सारखी वर-खाली करत होती. तिची पॅथॉलॉजीत जाण्याची इच्छा आहे आणि ती शाखाही तितकीच महत्त्वाची आहे, हे मी तिला मनापासून सांगितलं. पण हे तिला सतराव्या वर्षी कळलं असतं, तर मधली वर्षं तिने स्वतःला दोष देण्यात घालवली नसती. रक्ताची भीती सवयीने जाते. भोवळ येऊन पडलेली मुलं पुढे सर्जन होतात. माणसाच्या लांबलेल्या बोलण्याचा कंटाळा मात्र सहजासहजी जात नाही.

आयोगाच्याच कृती दलाने २०२४ मध्ये पंचवीस हजारांहून अधिक पदवी विद्यार्थ्यांना विचारून जो अहवाल दिला, त्यात २७.८ टक्के मुलांनी मानसिक आजार असल्याचं नोंदवलं. याला चुकीची निवड हेच एक कारण आहे असं मी म्हणत नाही. ड्युटीचे तास, रॅगिंग, परीक्षांचा ताण ही कारणं त्या अहवालातही आहेत. पण ज्याला हे काम मनातून नको आहे, त्याला तोच ताण दुप्पट जड जाणार.

२०१९ पासून पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आहे, त्यात रुग्णालयही दाखवतात. पण तोवर फी भरलेली असते, गावात पेढे वाटलेले असतात, चौकात अभिनंदनाचा बॅनर लागलेला असतो. जर्मनीत वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या मोठ्या परीक्षेआधी ९० दिवस रुग्णांच्या शुश्रूषेचं काम करावं लागतं आणि ते प्रवेशाआधीही करता येतं. आपण पंधरा दिवसांनी सुरुवात करू. मुलांनी डॉक्टरांच्या मागे फिरू नये, सिस्टर, मामा आणि मावशींच्या हाताखाली राहावं. स्ट्रेचर ढकलावं, चादरी बदलायला मदत करावी, म्हाताऱ्या माणसाला एक्स-रेपर्यंत पोहोचवावं, एक रात्रपाळी बघावी. उपचाराला हात लावायचा नाही, मोबाइल बाहेर ठेवायचा, रुग्णाची गोष्ट बाहेर बोलायची नाही, हे लेखी घ्यावं. त्याला गुण देऊ नयेत. गुण ठेवले की उद्या त्याचेही क्लास निघतील.

पंधरा दिवसांनंतर एखाद्याने नको म्हटलं, तर त्याची जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला मिळावी आणि त्याला दंड नसावा. जो एक-दोन वर्षांनी थांबतो त्याचाही विचार व्हावा. पहिल्या वर्षाची परीक्षा किती वेळा देता येते ते नियमात लिहिलं आहे, चार वेळा. पण ती उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्याला बीएस्सीला पुन्हा पहिल्या वर्षापासून बसावं लागतं. इतर पदव्यांना नव्या शैक्षणिक धोरणात वर्षागणिक प्रमाणपत्र मिळतं, तसे त्याच्या शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायनाच्या अभ्यासाचे श्रेयांक धरले जावेत.

ग्रामीण रुग्णालयात ३० खाटा असतात. एका वेळी चार-पाच मुलं तिथे सहज सामावतील, तिथल्या कामाची अडचण न होता. जिल्हा शल्यचिकित्सकांनी वेळापत्रक द्यावं. पालकांना समजावणं, मुलांना सोडायला-आणायला सोबत जाणं आम्ही शिक्षक करू. सुरुवात एकाच जिल्ह्यात करायची असेल तर ती लातुरात करा. इतकी मुलं एका जागी आपल्याला दुसरीकडे शोधावी लागतील. येत्या जूनच्या निकालाआधी तसं परिपत्रक निघावं, ही विनंती.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका
जि. लातूर