ग्राइंडर चालवण्याआधी

थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी दारात आली की महिनाभरात मोठ्या टायरचे वेध लागतात. मलाही लागले होते. हौस मारा असं मी सांगणार नाही. पण फेंडरला ग्राइंडर लावण्याआधी कागदावर एक हिशेब करा, ही कळकळीची विनंती.

२०२० नंतरच्या थारच्या अलॉय चाकांवर २५५/६५ आर १८ मापाचा टायर येतो. त्याची उंची साधारण ७८९ मिलिमीटर. त्याच रिमवर २८५/६५ चढवला तर ती ८२८ होते. गाडी मात्र उचलली जाते या वाढीच्या निम्मीच, म्हणजे जेमतेम दोन सेंटीमीटर. त्याच्या बदल्यात चाक जड होतं, ब्रेकवर ताण येतो, घाटात गाडी ओढत नाही आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या जड स्टेपनीने खाली येऊ लागतात. काटा ८० वर असताना गाडी पूर्वीपेक्षा पाच टक्के जास्त वेगाने धावत असते, हे तर घरच्यांना कळतही नाही.

तरीही बसवायचेच असतील, तर गॅरेजच्या सपाट फरशीवर चाक फिरलं म्हणून खूश होऊ नका. एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा, तसंच रिव्हर्सही घेऊन बघा. टायर घासतो ती जागा खडूने आखा. बहुतेक वेळा तिथे फेंडरच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर नाहीतर बंपरचा कोपरा निघतो. अस्तर गरम करून मागे दाबलं तरी पुष्कळदा भागतं. पत्रा कापावाच लागला, तर आधी मागच्या वायरी तपासा, खुणेपुरताच कापा, कड कानशीने घासा आणि त्याच दिवशी प्रायमर व रंग लावून घ्या. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा एक पावसाळाही काढत नाही.

टायर फेंडरच्या बाहेर डोकावता कामा नये. त्यातून उडालेला खडा मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यात जातो. त्याचा काय दोष? बाहेर येत असेल तर रुंद फ्लेअर बसवा, आणि मडगार्ड तर काढूच नका.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. म्हणून पैसे देण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, जमल्यास लेखी.

आणि त्याही आधी एक बिनखर्चाचा प्रयोग करा. वाळूत रुतलेली गाडी पुष्कळदा नुसती हवा कमी केल्याने निघते. मूळ टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा आणि सावकाश चालवून बघा. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी मात्र ती पुन्हा भरा. त्यासाठी लहान कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा.