गॅस गिझरच्या विषाला मेंदूतला उतारा?

थंडी पडू लागली, की बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे जीव गेल्याच्या बातम्या येऊ लागतात. हवा अपुरी असताना गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि मेंदूचा ऑक्सिजन तुटतो. त्यावर आजही थेट उतारा नाही. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला, तरी रक्तातला निम्मा वायू जायला तास-सव्वा तास लागतो.

अशा उताऱ्याची एक वाट मेंदूतल्याच प्रथिनाने दाखवली आहे. चेतापेशींतल्या न्यूरोग्लोबिनचा शोध २००० मध्ये जर्मन संशोधकांनी जाहीर केला. ते हिमोग्लोबिनच्याच कुळातले. फरक आहे तो रचनेत. हिमोग्लोबिनमधल्या लोहाच्या अणूला सहा जोडण्या असतात. पाच गुंतलेल्या आणि सहावी ऑक्सिजनसाठी मोकळी. न्यूरोग्लोबिनमध्ये ही सहावी जागाही ६४व्या क्रमांकाचे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल अडवून बसते. ते बाजूला सरकले तरच ऑक्सिजनला जागा मिळते. शिवाय मेंदूत हे प्रथिन असते अगदी थोडे. त्यामुळे ऑक्सिजनचा साठा करण्यापेक्षा टंचाईत पेशींचे रक्षण करणे हे त्याचे काम असावे, असे अनेक संशोधकांना वाटते.

पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी नेमके हे ६४वे हिस्टिडीन काढून तिथे ग्लुटामीन बसवले. जागा मोकळी झाली आणि बदललेले प्रथिन कार्बन मोनॉक्साइडला हिमोग्लोबिनपेक्षा सुमारे ५०० पट घट्ट धरू लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, प्राणघातक विषबाधा झालेले बहुतेक उंदीर त्यामुळे वाचले. वायू धरलेले प्रथिन लघवीवाटे बाहेर पडले.

मात्र अशी प्रथिने रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइडही शोषतात, त्यामुळे रक्तदाब वाढू शकतो. म्हणूनच २०२५ मध्ये अमेरिकेतल्याच संशोधकांनी एका जिवाणूच्या प्रथिनापासून नवा उतारा तयार केला. उंदरांमध्ये त्याचा हा दोष बराच कमी दिसला. पण उंदरापासून रुग्णालयापर्यंतची वाट लांब असते. माणसांवरच्या चाचण्या अजून व्हायच्या आहेत.

तोवर खरा उतारा मोकळी हवाच. गॅस गिझर बाथरूमबाहेर, हवेशीर जागी बसवा. आंघोळ करताना डोके दुखले, गरगरले किंवा मळमळले, तर आधी बाहेर या आणि लगेच डॉक्टरांकडे जा.