चौकटीत कोण आणि कोणाच्या नावाने?

आठ मार्च जवळ आला की स्त्रीशक्तीचा गौरव करणाऱ्या छायाचित्रांना बहर येतो. एखादी वैमानिक, एखादी उद्योजिका, एखादी खेळाडू. या गौरवाला आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु जिच्या श्रमावर समाजाचा नित्याचा व्यवहार चालतो ती स्त्री या चौकटीत येते काय, आणि आलीच तर स्वतःच्या नावानिशी येते काय, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याला टाळता येणार नाही.

छायाचित्रकलेचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंची आरंभीची छायाचित्रे प्रसिद्ध झाली ती पतीच्या नावाने! त्यांनी १९७० मध्ये व्यवसाय सोडला आणि पद्मविभूषण त्यांना लाभले ते २०११ मध्ये, वयाची सत्त्याण्णव वर्षे उलटल्यावर. कॅमेऱ्यामागील सुशिक्षित स्त्रीची ही गत, तर कॅमेऱ्यासमोरील कष्टकरी स्त्रीची काय असणार?

या प्रश्नाला पी. साईनाथ यांनी कृतीने उत्तर दिले. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून त्यांनी भातलावणी करणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, सरपण आणि पाणी आणणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे घेतली. ‘दिसणारे काम, न दिसणाऱ्या स्त्रिया’ असा त्या प्रदर्शनाच्या नावाचा आशय. विशेष हे की ते केवळ शहरी कलादालनांत अडकले नाही. बसस्थानके, कारखान्यांची प्रवेशद्वारे, शेतमजुरांचे मेळावे येथे ते मांडले गेले. जिचे चित्र, तिच्यासारखीनेच ते पाहावे, हा त्यामागील विचार होता.

सामर्थ्य म्हणजे केवळ सोसणे नव्हे, हेही याच संदर्भात सांगितले पाहिजे. मुळशी तालुक्यातील स्त्रियांनी जात्यावर रचलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह टिपून घेतल्या. महाराष्ट्रभर पसरलेल्या या संग्रहात आज एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. पुढे गाणाऱ्या अनेकींची नावे, गावे आणि छायाचित्रे त्या ओव्यांसोबत प्रसिद्ध झाली. जिला जग अडाणी समजत होते तिची कवयित्री म्हणून ओळख अशी पटली.

त्याच तालुक्यात हिंजवडी आहे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले आणि भातखाचरांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. या इमारतींतील संगणकासमोरच्या अभियंता स्त्रीचे छायाचित्र माहितीपत्रकात सहज सापडते. मात्र तीच इमारत पहाटे झाडणारी, उपाहारगृहात पोळ्या लाटणारी, कंत्राटदाराच्या हजेरीपटावरील स्त्री तेथे आढळत नाही. तिचे छायाचित्र असते ते गळ्यातील प्रवेशपत्रावर, आणि तेही तिच्या गौरवासाठी नव्हे, तिला अडवता यावे म्हणून!

म्हणूनच महिलादिनाचे प्रदर्शन हिंजवडीच्या चौकात भरले पाहिजे. कॅमेरा आज प्रत्येकीच्या फोनमध्ये आहे. आपले चित्र काय असावे हे तिनेच ठरवावे. चित्राखाली तिचे नाव, काम, कामाचे तास आणि हाती पडणारी मजुरी लिहिली जावी, अर्थात तिच्या संमतीने. नाव छापले तर काम जाईल, अशी शंका यावर निघेल आणि ती रास्तच आहे. पण जेथे स्वतःच्या चित्राखाली नाव लिहिणे धोक्याचे ठरते तेथे पुष्पगुच्छाआधी संघटनेची गरज आहे, हाच त्या शंकेचा अर्थ. प्रदर्शनाची तयारी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी म्हणून प्रथम त्या स्त्रियांची सभा घ्यावी. निर्भयपणे लिहिलेले नाव हाच त्यांचा खरा गौरव ठरेल.