'कॉर्न' म्हणजे मका नव्हे : पेण-रोह्याच्या धान्याची गोष्ट

१/ जुन्या इंग्रजी साधनांत 'कॉर्न' दिसला की डोळे झाकून 'मका' लिहिण्याची खोड समाजमाध्यमांवरील इतिहासलेखनाला जडली आहे. या खोडीने कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, ताटातले धान्यच बदलून जाते.

२/ ब्रिटिश इंग्रजीत 'कॉर्न' म्हणजे धान्य. बहुधा त्या मुलखाचे मुख्य धान्य. इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट. १८१५ साली कडक झालेले आणि १८४६ साली रद्द ठरवलेले 'कॉर्न लॉज' गव्हासारख्या धान्यांच्या आयातीविषयी होते. त्यांना 'मक्याचे कायदे' म्हणणे हास्यास्पद आहे.

३/ मका मूळचा मेक्सिकोचा. १४९२ नंतर तो अमेरिका खंडाबाहेर पडला. 'मेझ' हे नाव कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतून स्पॅनिशमार्गे आले. अमेरिकेत वसलेल्या इंग्रजांनी त्याला 'इंडियन कॉर्न', म्हणजे तेथील मूलनिवासींचे धान्य, म्हटले. पुढे 'इंडियन' गळाले आणि 'कॉर्न' उरले.

४/ मराठीतही असेच घडते आहे. कणीस ज्वारीचे असते, बाजरीचे असते. पण पावसाळ्यात रस्त्याकडेला 'कणीस' मागितले, तर हाती भाजलेला मकाच येतो.

५/ पेणच्या खारेपाटाने बांध घालून समुद्राचे पाणी अडवले आणि भात पिकवले. शेतात भात, सडल्यावर तांदूळ, शिजल्यावर पुन्हा भात. पेण-रोह्याच्या डोंगरउतारांवर ठाकूर-कातकऱ्यांनी दळीच्या जमिनींत नाचणी आणि वरी काढली. या मुलखाचे 'कॉर्न' हेच.

६/ 'एका शब्दाने काय बिघडते?' असा प्रश्न येईल. उत्तर दळीधारकांच्या दाव्यांत आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार गॅझेटियरसारखी सरकारी कागदपत्रेही पुरावा म्हणून मांडता येतात. नाचणी-वरीच्या जागी भाषांतरकाराने मका पेरला, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसवणुकीची खूणच पुसट होते.

७/ म्हणून नियम सोपा आहे. 'कॉर्न' दिसताच आधी विचारावे : लिहिणारा कोठला, काळ कोणता, ताट कोणाचे? अमेरिकी लेखनात उत्तर 'मका' असू शकते. कुलाब्याच्या कागदांत मात्र, स्पष्ट पुरावा मिळेपर्यंत, 'धान्य' एवढेच लिहावे. इतिहासकाराने न पेरलेले पीक कापू नये.