अडत्याचा वाडा विकणे आहे



'जुना ऐतिहासिक वाडा, गोठे, तबेले, कोठारे आणि भोवतालच्या जमिनीसह विकणे आहे.' अशा मजकुराच्या जाहिराती इंग्लंडात नेहमीच्याच झाल्या आहेत. खेड्यापाड्यांतले जमीनदारांचे जुने वाडे तिथे शंभराहून अधिक वर्षे विकले जात आहेत. त्याचे आपल्याला काय? मेळाव्याला यायला एस.टी.चे तिकीट काढताना ज्याला दोनदा विचार करावा लागतो, त्याने विलायतेतल्या वाड्याची चौकशी कशाला करायची?

आम्ही म्हणतो, जरूर करायची. वाडा विकायला निघाला की गिऱ्हाईक विचारते, किंमत काय? शेतकऱ्याने दुसराच प्रश्न विचारावा : हा बांधला कोणाच्या पैशावर?

एका वाड्याचीच गोष्ट घेऊ. त्याचे नाव टिंट्सफील्ड. ब्रिस्टल शहराच्या पश्चिमेला दहा-अकरा किलोमीटरवर, रॅक्सॉल गावच्या शिवारात तो उभा आहे. मनोरे, कमानी, खासगी प्रार्थनामंदिर, काचेची हरितगृहे, भाजीपाल्याची मोठी बाग, लाकूड कापायची गिरणी आणि घरच्या शेतीचे गोठे, कोठारे असा त्याचा पसारा. 2001 साली त्याचे मालक लॉर्ड रॅक्सॉल वारले. त्यांनी लग्न केलेले नव्हते. इस्टेटीचे वाटेकरी निघाले एकोणीस. एवढ्यांत वाटणी करायची तर विकण्यावाचून इलाज नव्हता.

वाड्यात फर्निचर, पुस्तके, चित्रे, भांडीकुंडी धरून चाळीस हजारांहून अधिक वस्तू होत्या. त्यांचा लिलाव होणार आणि वाडा कोणा धनिकाच्या हाती जाणार, या कल्पनेने सुशिक्षित समाज हळहळला. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने वर्गणीची हाक दिली. शंभर दिवसांत ऐंशी लाख पौंडांच्या वर रक्कम जमली. नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंड या सार्वजनिक निधीने 1 कोटी 74 लाख पौंड दिले आणि 2002 साली वाडा ट्रस्टच्या ताब्यात आला. आज लोक तिकीट काढून तो पाहायला जातात. जिथे एकेकाळी गाई बांधल्या जात, तिथे आता पर्यटकांसाठी खानावळ चालते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. पैसा आला कोठून? उत्तर ऐकून शेतकऱ्याला हसू येईल. हा वाडा उभा राहिला पक्ष्यांच्या विष्ठेवर.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ चिंचा नावाची बेटे आहेत. आपल्या चिंचेशी त्यांचा संबंध नाही. तिथे समुद्रपक्ष्यांचे थवे हजारो वर्षे बसत आले. पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे विष्ठा धुऊन गेली नाही. काही ठिकाणी तिचे थर शंभर फुटांहून उंच झाले. त्याला ग्वानो म्हणतात. नत्र आणि स्फुरद भरपूर असलेले हे खत तिथल्या शेतकऱ्यांना इंका राजांच्या काळापासून माहीत होते. युरोपच्या बाजाराला त्याची किंमत कळली 1840 च्या सुमारास. पुढच्या चाळीस वर्षांत पेरूतून एक कोटी टनांहून अधिक ग्वानो बाहेर गेला.

हा माल इंग्लंडात विकण्याचा करार 1842 साली लंडनच्या अँटनी गिब्ज अँड सन्स या पेढीने मिळवला. पुढे काही वर्षांत इंग्लंडच्या बाजारात तिची मक्तेदारी झाली. तो व्यवहार बाजार समितीच्या आवारात वाढलेल्या कोणालाही चटकन समजेल. माल पेरू सरकारचा. सरकारला पैशाची निकड. पेढीने सरकारला उचल दिली आणि माल विक्रीसाठी आपल्या ताब्यात घेतला. माल विकला की आधी जहाजभाडे, विमा आणि गोदामभाडे वजा. मग पेढीची दलाली वजा. मग उचलीवरचे व्याज वजा. उरेल ते मालकाच्या खात्यावर, आणि ते खाते पुढच्या उचलीत बुडालेले. मालकाला पुन्हा उचल हवीच, म्हणून माल पुन्हा त्याच पेढीला.

आपल्याकडे याला अडत म्हणतात. गिब्ज पेढी अडत्याची होती आणि तिच्या दारात उचल मागायला एक आख्खा देश उभा होता.

या साखळीची दोन टोके पाहा. एका टोकाला बेटावर ग्वानो खणणारे. त्यात चीनमधून करारावर आणलेले मजूर पुष्कळ होते. 1849 ते 1874 या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर पेरूत उतरवले गेले. त्यातले बरेच ऊस आणि कापसाच्या मळ्यांवर गेले, काहींच्या वाट्याला ही बेटे आली. ऊन, नाकातोंडात जाणारी तिखट धूळ आणि मुकादमाचा चाबूक, असे तिथले जिणे होते.

दुसऱ्या टोकाला इंग्लंडचा शेतकरी. खत चांगले होते यात शंका नाही, पण भाव परवडेना. शेवटी 1852 साली तिथल्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने जाहीर केले की, ग्वानोच्या तोडीचे खत टनाला पाच पौंडांच्या आत जो देईल त्याला एक हजार पौंड आणि सुवर्णपदक. बाजारात तेव्हा भाव होता त्याच्या जवळपास दुप्पट. महाग मालाच्या मागोमाग भेसळही आली. वाळू, माती आणि विटांचा चुरा मिसळलेला ग्वानो शेतकऱ्याच्या गळ्यात मारला जाऊ लागला. बोगस खताच्या गोणीने ज्यांचा हंगाम गेला आहे, त्यांना ही गोष्ट परक्या देशाची वाटणार नाही.

खणणारा मेला. वापरणारा पिळला गेला. ज्याच्या भूमीतला माल, त्या पेरू देशाने 1876 साली कर्जाचे हप्ते थांबवले. मधल्याचे काय झाले? पेढीचे विल्यम गिब्ज यांनी टिंट्सफील्ड 1843 साली घेतले होते. 1863 ते 1865 या दोन-तीन वर्षांत सत्तर हजार पौंड ओतून त्यांनी त्याचा राजवाडा केला. त्या कुटुंबाची टवाळी करणारे गाणे तेव्हा लोकांच्या तोंडी होते.

विल्यम गिब्ज दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. ते देवभोळे आणि दानशूर म्हणून प्रसिद्ध होते. ऑक्सफर्डच्या केबल कॉलेजचे भव्य प्रार्थनामंदिर त्यांच्याच पैशातून झाले. आपल्याकडेही धर्मशाळा बांधणारे अडते कमी नाहीत. प्रश्न माणसाच्या स्वभावाचा नाहीच. माल कोणाचा, भाव ठरवणारा कोण आणि मधली कपात किती, एवढाच प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, वाडे काय जमीनदारांचेही होते. होते ना! त्यांचेही पुढे काय झाले ते पाहू. इंग्लंडात 1877 साली एका क्वार्टर गव्हाला, म्हणजे सुमारे सव्वादोन क्विंटलला, 56 शिलिंग 9 पेन्स भाव होता. 1894 साली तो 22 शिलिंग 10 पेन्सवर आला. अमेरिकेतल्या नव्या जमिनींचा गहू आगगाडी आणि आगबोटीने स्वस्तात येऊन पडला. 1869 साली खुल्या झालेल्या सुएझ कालव्यातून हिंदुस्थानचा गहूही तिथे जाऊ लागला. परक्या गव्हावरची जकात तर 1846 सालीच उठवण्याचे ठरले होते. कारखान्यांच्या शहरांना स्वस्त पाव हवा होता. कुळाला खंड परवडेना आणि जमीनदाराची आवक आटली. त्याच 1894 साली सरकारने वारसा कराचा नवा कायदा आणला. त्यावर पुढे महायुद्धे आली. विसाव्या शतकात इंग्लंडातले हजाराहून अधिक वाडे पाडले गेले. विटा, दरवाजे, जिन्यांची लाकडे सुटी विकली गेली.

आपल्याला लहानपणापासून सांगण्यात आले आहे की, तुकडा लहान, शेतकरी अडाणी, म्हणून तो गरीब. मग त्या लॉर्डांचे काय? त्यांच्याकडे हजारो एकर जमीन, उत्तम बी-बियाणे, वाफेची यंत्रे आणि पार्लमेंटात बसायला जागा होती. गव्हाचा भाव पडला तेव्हा यातले काहीच कामाला आले नाही. ज्यांच्याकडे कोळसा, बँक किंवा शहरातली भाड्याची घरे होती, ते तरले. गिब्ज यांचे ग्वानोचे काम 1861 साली संपले, पण त्यांचा पैसा पुढे सोरा आणि बँकिंगमध्ये फिरत राहिला आणि टिंट्सफील्ड उभे राहिले. निव्वळ पिकावर अवलंबून असलेला लॉर्डही बुडतो, तिथे पाच एकरवाल्याला आळशी म्हणणाऱ्यांनी थोडी तरी लाज बाळगावी.

विल्यम गिब्ज 1875 साली वारले. त्याच वर्षी 12 मे रोजी आपल्या पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या काढून जाळल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात आपल्या कापसाला भाव चढला होता. युद्ध संपले, भाव कोसळला, सारा वाढला आणि कर्जाचे रोखे तेवढे हाती उरले. पेरूची बेटे, इंग्लंडचा गहू, दख्खनचा कापूस : तीन खंडांतल्या हिशेबाच्या वह्या वेगवेगळ्या, पण कपातीचा रकाना सारखाच.

आणखी एक गोष्ट. लॉर्ड रॅक्सॉल वारले त्या 2001 साली इंग्लंडच्या खेड्यांत लाळ्या-खुरकुताची साथ होती. साठ लाखांहून अधिक जनावरे मारून टाकली गेली. सरकारने जनावरांची भरपाई दिली, ते नाकारायचे नाही. पण रिकाम्या गोठ्यासमोर उभ्या राहिलेल्या गोपालकासाठी शंभर दिवस देश हळहळला काय? गोठा मोडला तर तो बाजाराचा नियम आणि वाडा मोडला तर तो राष्ट्राचा वारसा, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

टिंट्सफील्ड पाडायला हवे होते असे आमचे मत नाही. गवंडी, सुतार आणि माळी यांच्या कष्टाची ती वास्तू आहे. ती राहावी. पण दिवाणखान्यात मालकांच्या तसबिरी आहेत, तशीच एका भिंतीवर पट्टीही लागावी : खणणाऱ्याला किती, माल ज्याचा त्याला किती, खत घेणाऱ्याने मोजले किती आणि मधल्याने ठेवले किती. 2020 साली नॅशनल ट्रस्टने आपल्या 93 वास्तूंचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध सांगणारा अहवाल छापला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! वाडा दाखवला तर चालतो, हिशेब दाखवला की झोंबतो.

हिशेब मागायला विलायतेला जायची गरज नाही. आपल्या तालुक्याच्या गावी सर्वांत उंच इमारत कोणाची, ते पाहा. ती पिकवणाऱ्याची आहे की पिकाला हात न लावणाऱ्याची? 2016 साली आपल्या राज्यात फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले. कागदावरून गेलेली अडत भावात लपून परत येते काय, हे तपासणारा आपल्याशिवाय दुसरा कोणी नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या शेवटच्या विक्रीची पट्टी आणि खताची पावती बरोबर आणावी. दोन्ही शेजारी ठेवू आणि कपातीचा रकाना मोठ्याने वाचू. आपल्या मालावर कोणाचे वाडे चढत आहेत, ते त्या दोन कागदांतच लिहिलेले असते.