चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण बदलीच्या नोकरीवाल्यांना म्हणतो. माझ्या मुलाने ते २०२३ च्या उन्हाळ्यात खरोखरच विकत घेतले. तो अमेरिकेत, व्हर्जिनियात राहतो. मोटारीच्या मागे जोडून ओढायचे चोवीस फूट लांब आणि आठ फूट रुंद घर. तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत सहा जण झोपतील अशी सोय, गॅसची शेगडी, फ्रिज, एवढेच काय, न्हाणीघर आणि संडाससुद्धा. मी लग्न होऊन लातूरला आले तेव्हा आम्ही सात माणसे याहून थोड्याच मोठ्या दोन खोल्यांत राहत होतो. त्यामुळे सूनबाईने, 'आई, अडचण होईल का हो तुम्हाला?' असे विचारले तेव्हा मला हसूच आले. अडचण जागेची होणार नव्हती. ती पाण्याची झाली.

सप्टेंबरात आम्ही सहा जण शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात निघालो. डोंगरमाथ्यावरून जाणारा तिथला रस्ता १०५ मैलांचा आहे. हमरस्त्यावर असतानाच ट्रेलर शेपटी हलवू लागला. आमचे हे बत्तीस वर्षे एस.टी.च्या वर्कशॉपात होते. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मागे कोंबलेली सायकल, तांदळाची पिशवी, डबे, सगळे पुढे आणवले. ट्रेलरच्या वजनातला दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या जोडावर पडला पाहिजे. मागे वजन जास्त झाले की तो झोके खातो. हे मुलाने पुस्तकात वाचले होते, पण सामान भरताना विसरला होता. पुढे १२ फूट ८ इंच उंचीचा एक बोगदा लागला. आमचे घर साडेदहा फुटांचे, तरी त्यातून जाताना गाडीत कोणी बोलेना. माझा रामरक्षेचा पुटपुटाट तेवढा चालू होता.

बिग मेडोज या मुक्कामाच्या जागी पोचलो. चाकांना अडण्या लावल्या, फळ्या ठेवून घर सपाट केले. ते सपाट नसेल तर फ्रिजदेखील नीट चालत नाही म्हणे. तिथे वीज आणि नळाची जोडणी नाही. भरून आणाल ते पाणी, तेवढेच. आमची टाकी १५० लिटरची. आल्या आल्या नातीने दहा मिनिटे शॉवर घेतला, मग नातवाने तेवढाच वेळ. त्या शॉवरमधून मिनिटाला साडेसात लिटर पाणी जाते. हिशेब वाचकांनीच करावा. पण टाकी कोरडी पडायच्या आधीच वेगळाच प्रकार झाला. वापरलेले पाणी ज्या टाकीत साठते ती ११३ लिटरची. ती भरली आणि साबणाचे गढूळ पाणी नातवाच्या पायाशी मोरीतून वर येऊ लागले. पोर ओरडत बाहेर आले.

त्या रात्री मुलाचे आणि सुनेचे जुंपले. आवाज दबके, पण आठ फुटांच्या घरात काय ऐकू येत नाही? दहा वर्षांचे हप्ते, तिला न विचारता केलेली सही, 'हा तुझा हट्ट होता', 'मग विकून टाकू'. मी पांघरूण डोक्यावर घेतले. पण झोप आली नाही. ते भांडण ट्रेलरचे नव्हते, हे कोणत्याही आईला कळले असते. दोघे दोन दिशांना कामाला जातात, मुले आपापल्या खोल्यांत दार लावून बसतात, आणि मुलाला वाटले होते की एकदा सगळ्यांना एका खोलीत आणले की झाले.

सकाळी मी पाण्याचा कारभार माझ्याकडे घेतला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आले, पाण्याच्या ठिकाणी १४४ कलम लागले, ते दिवस मी काढलेले आहेत. एका बादलीत अंघोळ, तेच पाणी गोळा करून संडासाला, भाजी धुतलेले पाणी झाडाला, हे मला शिकवावे लागत नाही. फरक एवढाच की लातुरात आम्ही येणारे पाणी मोजत होतो, इथे जाणारे मोजायचे होते. प्यायला, भरायला आवारात नळ होता. पण वापरलेले पाणी जमिनीवर ओतायची बंदी. शहरात घरातून गेलेले पाणी आपल्याला पुन्हा कधी दिसत नाही. इथे ते आपल्याच पायाखाली, आपल्याबरोबर हिंडते. मला वाटते, महिनाभर असे राहिल्याशिवाय कोणालाही पाणीपुरवठ्याच्या समितीवर नेमू नये.

आणि मैला. त्याचीही टाकी असते, आणि ती रिकामी करायची जागा ठरलेली असते. मुलाने हातमोजे घातले, जाड नळी लावली, आधी मैल्याची टाकी सोडली, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. मागे चार गाड्या थांबलेल्या. लोक हवापाण्याच्या गप्पा मारत होते. ह्यांनी तोंड फिरवले. 'पैसे देऊन कोणी करणारा मिळत नाही का रे?' मुलगा म्हणाला, 'बाबा, आपलीच तर आहे.'

माझ्या लहानपणी आमच्याकडे टोपलीचा संडास होता. मागल्या बोळातून एक बाई यायची. ती आली की आम्हा मुलींना आत बोलावून घेत. तिचे नाव मी कधी विचारले नाही. आप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात भंगीमुक्तीसाठी हयात घालवली, हे मी पुढे वर्गात शिकवले. ती बाई तेव्हाही आठवली नाही. हाताने मैला वाहायला बंदी करणारा कायदा १९९३ मध्ये आला, २०१३ मध्ये पुन्हा नवा आला, आणि तरी आजही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतात. एक कौतुकही मला करायचे नाही. अमेरिकेतही शहराची घाण काढणारे दुसरेच असतात. पण त्या दिवशी माझ्या इंजिनिअर मुलाच्या हातात ती नळी पाहून मला लाज वाटली, आणि ती त्याची नव्हती.

उरलेले तीन दिवस आम्ही पुन्हा भरलेल्या टाकीवर काढले. सूनबाईने आपणहून भांडी पुसून घ्यायची नवी रीत काढली. नातू रोज सकाळी भिंतीवरचे टाकीचे दिवे पाहून मोठ्याने आकडा सांगायचा. संध्याकाळी माळावर हरणे यायची आणि मुलगा-सून खुर्च्या जवळ ओढून बसायची. हप्त्यांचे काय ठरले ते मी विचारले नाही.

शेवटच्या सकाळी टाकीचा एक तृतीयांशाचा दिवा अजून लागत होता. सूनबाई म्हणाली, 'आई, आज केस धुवायला हरकत नाही.'

मी तिलाच धुवायला सांगितले. पाणी मी घातले, तांब्याने.