युरोपातला सेकंड क्लास म्हणजे आपला जनरल डबा नव्हे!

मंडळी, परदेश सहलींच्या बुकिंगचे दिवस आहेत. आता आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातूनही माणसं युरोपला निघतात. कुणाचा मुलगा म्युनिकला, कुणाची लेक ॲमस्टरडॅमला. चांगलंच आहे. पण एजंट लोकांचं एक ठरलेलं वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता लिहायलाच हवं: “काका, रेल्वे पास फर्स्ट क्लासचाच घ्या, सेकंडमध्ये हाल होतील.”

कसले हाल? जर्मनीच्या आयसीई किंवा फ्रान्सच्या टीजीव्हीत सेकंड क्लास म्हणजे गादीची खुर्ची, एसी आणि बॅग ठेवायला जागा. फर्स्टमध्ये एका ओळीत तीन खुर्च्या, सेकंडमध्ये चार. म्हणजे खुर्ची थोडी रुंद, पाय पसरायला जागा जास्त, डब्यात माणसं कमी. मुख्य फरक एवढाच. गाडी तीच, खिडकीबाहेरचा डोंगर तोच. फर्स्टवाला एक मिनिटही आधी पोचत नाही!

आता पैशाचं बघा. युरेल पासमध्ये फर्स्टला साधारण पाव भागाने जास्त मोजावे लागतात. स्वित्झर्लंडच्या पासमध्ये तर दीडपटीहून जास्त. नवरा-बायको दोघांचा हिशोब करा. ग्रॅच्युइटीच्या पैशातून आयुष्यात एकदा जाणाऱ्या मास्तरांना ही रक्कम छोटी नसते.

आणि गंमत ऐका. आपली बहुतेक मंडळी जिथे फोटो काढायला जातात त्या युंगफ्राउयोखला वर नेणाऱ्या डोंगरी रेल्वेत फर्स्ट क्लास नाहीच! सगळे एकाच वर्गात. फर्स्टचा पास खिशात घालून तुम्ही तिथे सेकंडमध्येच बसता. हे बुकिंगच्या वेळी किती एजंट सांगतात?

दुसरी न सांगितलेली गोष्ट. फर्स्टचा पास म्हणजे जागा पक्की, असं अजिबात नाही. टीजीव्ही, युरोस्टार, इटलीची फ्रेच्चारोसा, इथे पास कुठलाही असो, रिझर्वेशन वेगळे पैसे भरून करावंच लागतं. उलट जर्मनी-स्वित्झर्लंडच्या बहुतेक गाड्यांत रिझर्वेशनची सक्तीच नाही.

मग ही फर्स्टची टूम आली कुठून? याला एक इतिहास आहे. 2018 पर्यंत 28 वर्षांवरच्या माणसाला युरेलचा ग्लोबल पास फर्स्ट क्लासचाच मिळायचा. 2019 पासून सेकंडचाही मिळतो. नियम बदलला, एजंटाचं वाक्य बदललं नाही. कारण महाग पास विकण्यात कुणाचा तोटा नाही, तुमच्याशिवाय! आणि आपली प्रतिष्ठेची हौस आहेच. “आम्ही फर्स्टने फिरलो” हे गावात सांगायला बरं वाटतं.

फर्स्ट कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. गुडघे दुखतात, बॅगा जड आहेत, शुक्रवारी किंवा रविवारी संध्याकाळी लांबचा प्रवास आहे, तर जरूर घ्या. गर्दी तिकडेही होते. 2019 च्या डिसेंबरात ग्रेटा थुनबर्गचा जर्मन रेल्वेत जमिनीवर बसलेला फोटो जगभर गाजला होता. पण एका गर्दीच्या प्रवासासाठी महिनाभराचा पास महाग कशाला? स्वित्झर्लंडमध्ये सेकंडच्या पासवर त्या टप्प्यापुरता फरक भरून फर्स्टमध्ये बसता येतं. शिवाय युरेलमध्ये साठीच्या पुढच्यांना 10 टक्के सूट आहे, 11 वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. हे आधी विचारा. आणि चढताना डब्यावरचा 1 किंवा 2 हा आकडा बघूनच चढा, नाहीतर दंड भराल.

खरं दुखणं मात्र वेगळं आहे. ‘सेकंड क्लास’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संडासाच्या दारात पोतं टाकून बसलेली माणसं येतात. एजंट त्याच भीतीवर धंदा करतो. युरोपात 1956 साली थर्ड क्लास बंद झाला. म्हणजे जुन्या सेकंडला फर्स्ट म्हणू लागले आणि थर्डला सेकंड. आपल्याकडे थर्ड क्लास 1974 ला गेला. पाटी दोन्हीकडे बदलली. पण तिकडे पाटीखालचा डबाही सुधारत गेला. लक्झेंबर्गने 2020 मध्ये देशभरचा प्रवास फुकट केला तो सेकंडचा, फर्स्टला आजही तिकीट लागतं. जर्मनीने 2023 मध्ये 49 युरोंत महिनाभराचं तिकीट काढलं, लोकल आणि प्रादेशिक गाड्यांसाठी, तेही सेकंडचंच. सरकारी पैसा आधी कुठल्या डब्यात जायला हवा, हे त्यांनी ठरवलंय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तिकडे जाल तेव्हा बिनधास्त सेकंडने फिरा, तिथल्या नोकरदारांत आणि विद्यार्थ्यांत बसा. आणि परत आल्यावर बर्फाचे फोटो दाखवताना त्या डब्याचाही एक फोटो दाखवा. आपल्या खासदारांना तर नक्कीच दाखवा. विचारा त्यांना, आमचा सेकंड क्लास असा कधी होणार?

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.